हातात न आलेला पैसा

जून संपत आला की माझ्या टेबलावर फायली साचायला लागतात. मी नाशकात लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरून देते. बिल्डर, मोठे व्यापारी माझ्याकडे येत नाहीत, त्यांचे सीए वेगळे. माझ्याकडे येतात ते शिक्षक, नर्स, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले सुपरवायझर, बँकेतून निवृत्त झालेले, एखादी पार्लरवाली आणि हल्ली बरीचशी आयटीतली मुलं. माणूस लग्नात काय घालून मिरवतो आणि त्याच्या प्राप्तिकर खात्याकडच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे सगळे ज्याला एआयएस म्हणतात त्यात, काय दिसतं, याचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो हे या कामात लवकर कळतं. ठेवीवरचं व्याज, लाभांश, विकलेले शेअर, घेतलेले फंड, सगळं तिथे ओळीने मांडलेलं असतं. फुशारकीला जागाच नाही.

त्यामुळे मोबाईलवर कुणी नीटनेटका तरुण ‘या पाच सवयी लावा आणि करोडपती व्हा’ असं सांगू लागला की मी मनातल्या मनात फायली चाळायला लागते. बऱ्यापैकी माया जमवलेली माणसं माझ्याकडे आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. पण त्या पाच सवयींच्या वाटेने तिथे पोचलेलं कुणी आठवायला मला वेळ लागतो.

आधी ते प्रसिद्ध गणित घेऊ. महिन्याला पाच हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता, १२ टक्के परतावा, ३० वर्षं. उत्तर येतं १ कोटी ७६ लाखांच्या आसपास, आणि आपण भरलेले असतात फक्त १८ लाख. गणितात खोट नाही. मात्र हा आकडा ज्या रंगीत चौकटीत येतो तिच्यात महागाईला प्रवेश नसतो. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनंतरच्या त्या पावणेदोन कोटींत आजच्या ३१ लाखांचीच खरेदी होईल. ३१ लाख काही वाईट नाहीत. म्हातारपणी काही वर्षं कुणाकडे न मागता निघतील. पण करोडपती म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते हे नव्हे.

शिवाय त्या गणितात ३६० हप्ते आहेत आणि त्यातला एकही चुकलेला नाही. नोकरी गेली नाही, बाळंतपण झालं नाही, वडिलांची बायपास झाली नाही, बहिणीचं लग्न ठरलं नाही. बाजार पडल्यावर घाबरून कुणी हप्ते थांबवले नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते २०२५च्या जानेवारीत दिसलं. आदल्या सप्टेंबरच्या अखेरीपासून बाजार घसरत होता, आणि त्या एका महिन्यात नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या जास्त निघाली. ‘म्युच्युअल फंड सही है’ ही जाहिरात २०१७पासून घराघरात वाजते आहे. ‘बाजार पडेल तेव्हा हप्ता थांबवू नका’ हेही त्याच लोकांनी शंभरदा ऐकलेलं होतं.

आणि एक टक्का. हा एक टक्का मला फार छळतो. २०१३च्या १ जानेवारीपासून प्रत्येक म्युच्युअल फंडाला मध्यस्थाशिवायची ‘डायरेक्ट’ योजना द्यावी लागते. ‘रेग्युलर’ योजनेत वितरकाचं कमिशन असतं, म्हणून तिचा खर्च थोडा जास्त, बरेचदा अर्धा ते एक टक्का. वरच्याच गणितात १२च्या जागी ११ टक्के घातले तर तीस वर्षांनी हाती १ कोटी ४१ लाख येतात. म्हणजे साधारण ३५ लाख कमी. चहा सोडा, बाहेरचं खाणं सोडा असं सांगणाऱ्या माणसाने दिलेल्या लिंकवरून खातं उघडलं की ते बहुतेक वेळा कुठल्या प्रकारचं निघतं, हे ज्याने त्याने आपापल्या फोनवर तपासावं. आता वितरकाने फुकट काम करावं असं माझं म्हणणं नाही, मीही फी घेतेच. पण माझी फी पावतीवर लिहिलेली असते.

चहाचं निघालंच आहे तर तेही. दिवसाला वीस रुपयांचे दोन चहा, महिन्याचे बाराशे रुपये, ते गुंतवले असते तर अमुक लाख. ही कल्पना अमेरिकेतली आहे. तिथे कॉफीचा पेला चार-पाच डॉलरना मिळतो आणि तो न पिण्याचा हिशेब निदान ऐकायला बरा वाटतो. आपल्याकडे टपरीवरचा चहा हा एकटा खर्च नसतो. कुठे जागा निघाली, कोणत्या कंपनीत ओव्हरटाइम चांगला मिळतो, कुणाचा साहेब बदलला, हे तिथेच कळतं. माझ्याकडे येणाऱ्या दोन सुपरवायझरांना आताच्या नोकऱ्या टपरीवर लागलेल्या आहेत.

५०-३०-२० हे सूत्रही तसंच. पगाराचा निम्मा भाग गरजांना, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचतीला. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमशक्ती पाहणीत नियमित पगार मिळणाऱ्या माणसाची सरासरी महिन्याची कमाई वीस-एकवीस हजार आली. आणि ही नियमित पगारवाल्यांची गोष्ट. रोजंदारीवरचे, हातगाडीवाले, शेतकरी यांत नाहीत. एकवीस हजारांचा निम्मा भाग म्हणजे साडेदहा. सिडकोत एक खोली-किचनचं भाडं, गॅस, वीज, मुलाची शाळा, व्हॅन, गावी आईला पाठवायचे पैसे. साडेदहात हे सगळं बसवून दाखवणाऱ्याला मी माझ्या खर्चाने मिसळ खाऊ घालीन. ज्याचा पगार सव्वा लाख आहे त्याला हे सूत्र लागू पडतं, पण त्याला सूत्राची गरजच कमी. निम्म्या पगारात त्याचं घर तसंही चालतं.

मग ज्यांच्याकडे पैसा जमला त्यांनी केलं काय?

एक निवृत्त मुख्याध्यापक दरवर्षी येतात. जिल्हा परिषदेची शाळा, आधी पेठ तालुक्यात, मग दिंडोरीत, शेवटी शहराजवळ. येताना प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं तारखेनुसार लावलेली असतात. पेन्शन, ठेवींचं व्याज, वरच्या मजल्याचं भाडं. मुलाचं इंजिनीअरिंग, मुलीचं लग्न उरकून त्यांच्याकडे आज जे आहे ते पाहून माझ्या आयटीतल्या मुलांना घेरी येईल. एकदा मी त्यांना म्हटलं, “सर, तुम्ही नेमकी बचत कशी केलीत ते सांगा ना, मी लोकांना सांगेन.” सर हसले. म्हणाले, “अहो ताई, बचत कुठली? पैसे हातात आलेच नाहीत कधी.”

त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या वेतनचिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे. उजव्या बाजूला कपातींची रांग: भविष्य निर्वाह निधी, गटविमा, एलआयसीचा हप्ता, शिक्षक पतपेढीचं कर्ज, पुढे घरकर्ज. खाली उरलेली रक्कम वाचून आजही वाईट वाटावं. त्या उरलेल्यात त्यांनी संसार केला. महिनाअखेरीला वाण्याची उधारी, दिवाळीत मुलांना दोनच कपडे, सुट्टीत गावी जायचं म्हणजे तांदळाचं पोतं घेऊन यायचं. काटकसर होतीच, पण ती निवडलेली नव्हती. पैसा आधीच कापला गेल्यामुळे ती आपोआप होत होती.

आणि काळ त्यांच्या बाजूने होता, हेही मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. १९८६पासून २०००च्या जानेवारीपर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं, त्यांच्या निर्वाह निधीवरही साधारण तेवढंच. महागाईही तेव्हा चढीच होती, पण सरकारी हमीचे बारा टक्के, करमुक्त, घरबसल्या! २०२०च्या एप्रिलपासून पीपीएफ ७.१ टक्क्यांवर आहे. सरांच्या नोकरीच्या वर्षांत पाचवा वेतन आयोग आला, नोकरीच्या शेवटी सहावा आला, पेन्शनीत सातवा आला. प्रत्येक वेळी थकबाकी मिळाली आणि ती ठेवीत गेली. यातलं काहीच त्यांनी ठरवून केलेलं नाही. एसआयपी म्हणजे काय हे त्यांना आजही मला विचारावं लागतं.

त्यांच्याच केंद्रातल्या एक शिक्षिका माझ्याकडे येतात. त्या २००७मध्ये लागल्या. महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली. त्यांच्या वाट्याला आली डीसीपीएस, पुढे एनपीएस. पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला वाटा घालायचा आणि निवृत्तीनंतर काय मिळेल ते बाजार ठरवणार. या बाईंना पैशातलं सरांपेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्यांची एक्सेल शीट मी पाहिली आहे, रंगीत, प्रत्येक फंडाचा खर्चाचा दर लिहिलेला. टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा विमा, आहे, आरोग्य विमा आहे, आपत्कालीन निधी आहे. सरांकडे यातलं एकही नव्हतं. तरीही म्हातारपणाची चिंता बाईंनाच आहे, सरांना नाही. दोघांच्या मध्ये उभी आहे ती एक तारीख. २०२३च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत रस्त्यावर उतरले, तेव्हा बाईही गेल्या होत्या. राज्याच्या तिजोरीला ती पेन्शन झेपते का हा वाद खरा आहे आणि त्यात मी पडत नाही. पण सवयी कोणाच्या चांगल्या, हे दोघांच्या संपत्तीवरून ओळखायला गेलात तर चुकीचं उत्तर येईल.

लोकप्रिय सल्ल्याबद्दल माझी मुख्य तक्रार इथेच आहे. तो माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतो. शिस्त, संयम, इच्छाशक्ती, ‘माइंडसेट’. गरीब राहिलात तर तुमच्यात काहीतरी कमी, श्रीमंत झालात तर तुमच्यात काहीतरी खास. पगार किती, तो किती वेळा वाढला, कापला कुठे गेला, कोणत्या साली नोकरी लागली, घरात आजारपण किती, हे प्रश्न रीलच्या नव्वद सेकंदांत बसत नाहीत.

नुसत्या शिकवण्याने माणसं किती बदलतात यावर बराच अभ्यास झालेला आहे. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर या तीन संशोधकांनी २०१४ साली १६८ शोधनिबंधांमधले २०१ अभ्यास एकत्र करून पाहिले. आर्थिक साक्षरतेच्या उपक्रमांमुळे लोकांच्या पैशांच्या वागण्यातला जेमतेम ०.१ टक्का फरक उलगडतो, असं त्यांना आढळलं. कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये परिणाम आणखी क्षीण, आणि काळ लोटला की शिकलेलं विरूनही जातं. नंतरच्या, प्रयोगांवर आधारलेल्या आढाव्यांत चित्र एवढं निराशाजनक निघालं नाही, शिकवण्याचा काही उपयोग होतो असं दिसलं. तरी मला जास्त पटतो तो थेलर आणि बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या एका कंपनीतला प्रयोग. तिथल्या कामगारांना सल्लागाराने सांगितलं, बचत वाढवा. बऱ्याच जणांनी मान हलवली, जमणार नाही म्हणाले. मग त्यांना एवढंच विचारलं की पुढच्या पगारवाढीतला काही भाग आपोआप बचतीत वळवू का? त्याला ते तयार झाले. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. म्हणजे सरांची वेतनचिठ्ठीच, जरा नव्या वेष्टनात.

आपल्याकडे मात्र नेमकी ही आपोआपची यंत्रणा ढिली होत चालली आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ठरावीक बचतीवर करात सूट देणारं कलम ८०सी आठवा. २०१४पासून दीड लाखाची मर्यादा. दर फेब्रुवारीत ऑफिसचा अकाउंट्स विभाग पुरावे मागायचा आणि माणसं पीपीएफकडे, पोस्टाकडे, एलआयसीकडे धावायची. त्या धावपळीत एजंट लोकांनी नको त्या पॉलिसी गळ्यात मारल्या हे खरंच आहे. पाच-साडेपाच टक्के देणाऱ्या त्या पॉलिसींच्या पावत्या मी वर्षानुवर्षं हाताळल्या. पण करापोटी का होईना, पैसा बाजूला पडत होता आणि पंधरा वर्षं तिथे अडकून राहत होता. २०२३-२४पासून नवी करप्रणाली आपसूक लागू होते, तिच्यात ही सूट नाही. २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. करदात्यांना आनंद, माझं काम थोडं कमी. आणि माझ्या टेबलावर पीपीएफची पासबुकं येणं जवळपास थांबलंय. विचारलं की मुलं म्हणतात, “आता त्याचा काय उपयोग मॅडम?” वाचलेला कर कुठे गेला ते एआयएसमध्ये दिसत नाही. अर्थात गाडीचा हप्ता एआयएसमध्ये येत नाहीच.

घराचंही असंच. सल्ला देणारे सांगतात, घर घेऊ नका, भाड्याने राहा, वाचलेला पैसा गुंतवा. कागदावर अनेकदा हे बरोबर निघतं, मुंबईत तर नक्कीच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या, तरुण रामादोराई यांच्या समितीने २०१७ साली सांगितलं होतं की भारतीय कुटुंबाच्या संपत्तीपैकी सरासरी ८४ टक्के जमीनजुमला आणि इतर वस्तूंमध्ये आहे, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के आर्थिक साधनांत. समितीला हे काळजीचं वाटलं. अर्थशास्त्रज्ञाला वाटणारच. पण नव्या नाशकात सिडकोने बांधलेली छोटी घरं घेतलेले कामगार मला माहीत आहेत. तेव्हा तो भाग ओसाड होता, लोक हसायचे. हप्ता भरावाच लागायचा, नाहीतर घर जायचं. पुढे त्यांनी वर मजला चढवला, दोन खोल्या भाड्याने दिल्या, खाली मुलाने झेरॉक्सचं दुकान टाकलं. समजा भाड्याने राहून त्यांच्याकडे तेवढाच पैसा उरला असता, तर तो त्यांनी वीस वर्षं गुंतवून ठेवला असता का? मेहुण्याने मागितला असता, देऊन टाकला असता. घर मेहुण्याला उसनं देता येत नाही.

सोन्याबद्दल एवढंच, की दहा-बारा वर्षं ‘सोनं म्हणजे मेलेली गुंतवणूक’ असं ऐकवणारी मंडळी २०२५च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेल्यापासून गोल्ड ईटीएफवर, म्हणजे सोन्यातल्या कागदी गुंतवणुकीवर, व्हिडिओ करताहेत. आमच्याकडच्या बायका हे व्हिडिओ पाहत नाहीत. त्यांनी पाटल्या मोडायच्या नसतात हे आईकडून ऐकलेलं असतं, तेवढं पुरतं.

इतकं सगळं बोलून झाल्यावर, सल्ल्याचा उपयोग शून्य असं मी म्हणेन का? नाही. पण त्याचा उपयोग मला दिसतो तो उलट्या बाजूने. त्याने पैसा वाढत असेल-नसेल, बुडायचा मात्र वाचू शकतो. आणि नेमक्या याच भागाला प्रेक्षक कमी.

फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे, घ्या. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. माझ्यापुढे हे असं येतं: इंदिरानगरचा पंचविशीतला मुलगा, ‘मॅडम, माझं साधं रिटर्न आहे’ म्हणतो. एआयएस उघडते तर व्यवहारांची यादी संपत नाही. मग साधं आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो, कारण कायद्याने तो धंद्यातला तोटा. मुदतीत रिटर्न भरलं तर हा तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, असं मी त्याला सांगते. तो खुश होतो. त्याला वाटतं, पैसे परत मिळणार! पुढच्या वर्षांत धंद्यात फायदा झाला तरच त्यातून वजावट, हे सांगितल्यावर चेहरा पडतो. त्याच्या घरी हे माहीत नसतं. बरेचदा तो पैसा वैयक्तिक कर्जाचा असतो, फोनवर तीन मिनिटांत मंजूर झालेल्या.

दुसरी गोष्ट पतसंस्थेची. महाराष्ट्रात ही गल्लोगल्ली आहे, म्हणून ठासून सांगते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, २०२०च्या फेब्रुवारीपासून. त्याआधी एकच लाख होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. दारावर अध्यक्षांचा फोटो कितीही मोठा असो आणि व्याज कितीही जास्त असो. आणि विमा असला तरी पैसा वेळेवर मिळेल असं २०२१पर्यंत तरी नव्हतं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला एक हजार रुपये काढायची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२मध्ये. नऊ वर्षं म्हातारी माणसं पासबुकं घेऊन फिरत होती. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका, हा सल्ला कंटाळवाणा आहे. यावर रील बनत नाही. चक्रवाढीच्या जादूपेक्षा याने जास्त घरं वाचली असती असं माझं मत आहे.

विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा, हाही सल्ला चांगला. स्वस्त टर्म इन्शुरन्स घ्या, उरलेलं गुंतवा. इथे एक बारीक गोष्ट मात्र मी पाहिली आहे. जुन्या पॉलिसीचा एजंट घरी यायचा. चहा प्यायचा, हप्ता घेऊन जायचा, चुकला तर सासऱ्यांकडे निरोप ठेवायचा. त्या भिडेपोटी वीस-वीस वर्षं हप्ते गेले. टर्म घेऊन ‘उरलेलं गुंतवणारे’ माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यातले टर्म घेतलेले सगळे, उरलेलं गुंतवलेले थोडे. एजंटने वाईट माल विकला पण पाठपुरावा चांगला केला.

आणि आजारपण. देशात आरोग्यावर जेवढा खर्च होतो त्यातला ३९ टक्क्यांहून अधिक २०२१-२२ सालीसुद्धा लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ साली तर हा वाटा ६४ टक्के होता. आकडा उतरतो आहे हे चांगलंच. पण एखाद्याच्या विवरणात एकाच महिन्यात ठेव मोडलेली आणि सगळे फंड विकलेले दिसले की मी कारण विचारत नाही. नंतर कळतंच. तीस वर्षांच्या त्या गणिताचा हा सहावा-सातवा महिना असतो, किंवा सहावं-सातवं वर्ष. चक्रवाढीचा खरा फायदा शेवटच्या दहा वर्षांत असतो आणि तिथपर्यंत पोचण्यासाठी मधल्या काळात घरात कुणी आजारी पडून चालत नाही, किंवा पडलं तरी बिल दुसऱ्या कुणीतरी भरावं लागतं. ही अट सूत्रात छापलेली नसते.

गेल्या वर्षी एक नर्स आली होती. खासगी हॉस्पिटल, पगार एकवीस हजार. तिचं उत्पन्न कराच्या पातळीत नव्हतंच. पण टीडीएस कापला गेला होता, तो परत हवा होता. काम झाल्यावर तिने फोन पुढे केला. कुणाचा तरी व्हिडिओ, ‘एकवीस हजारांत करोडपती कसं व्हाल’. म्हणाली, “ताई, हे खरं असतं का? काय करू मी?”

मी तिला एसआयपीबद्दल काही सांगितलं नाही. आधी तिचा पीएफ कापला जातो का ते पाहिलं. कापला जात होता, पण जुन्या हॉस्पिटलमधला पीएफ वेगळ्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या वेगळ्या क्रमांकावर, पडून होता. तो एकत्र करून घे म्हटलं, कसा ते लिहून दिलं. गावच्या पतसंस्थेत चाळीस हजार होते, मुदत संपली की बँकेत आण म्हटलं. शिधापत्रिकेवर महात्मा फुले योजनेत आईचे उपचार कुठे होऊ शकतात ते विचारून घे. आणि मग तिला विचारलं, आयसीयूचा अनुभव किती? तीन वर्षं. शहरात दुसरीकडे काय देतात? तिला माहीत नव्हतं, कधी विचारलं नव्हतं. विचारायला लाज वाटते म्हणाली.

तिने विचारलं. दिवाळीनंतर दुसरीकडे लागली, पंचवीस हजारांवर. महिन्याला चार हजार जास्त. एवढा पैसा चहा सोडून सुटायचा तर तिला दिवसाला सहा-सात चहा प्यावे लागले असते, आणि मग ते सगळे सोडावे लागले असते. या जुलैत ती पेढे घेऊन आली. एसआयपी अजून सुरू केलेली नाही. वॉर्डातल्या बारा जणींची भिशी आहे, दोन हजारांची. तिचा नंबर नोव्हेंबरमध्ये लागतो, आणि ते चोवीस हजार धाकट्या भावाच्या आयटीआयच्या फीसाठी आणि हत्यारांसाठी ठरलेले आहेत.